तनाकांचा तक्ता आखताना

प्रिय,

जपानचे माजी पंतप्रधान तनाका काकुएई यांची कारकीर्द हा विषय घेतलास, छान केलंस. पण टिपणाची सुरुवात 'जुलै 1972 मध्ये पंतप्रधान' अशी केलीस आणि 1983 च्या निवडणुकीचा निकाल 'अनाकलनीय' म्हणून सोडून दिलास. ऑक्टोबरमध्ये लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या लाच प्रकरणात चार वर्षांची शिक्षा आणि डिसेंबरमध्ये 2 लाख 20 हजारांवर मतं! मंत्रिपदांच्या यादीत याचं उत्तर नाही, मतदारसंघात आहे.

एक तक्ता आख: वर्ष, मतदारसंघ, त्यातल्या जागा, पक्ष, मतं, क्रमांक. पहिली ओळ 1946, पराभव. ती गाळू नकोस. दुसरी 1947, निगाता तिसरा (निगाता प्रांतातला तिसरा मतदारसंघ), जागा पाच. इथे जरा थांब. मतदार पेन्सिलीने उमेदवाराचं नाव स्वतः लिहितो, तेही एकच. जागा पाच, म्हणजे एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली की निवड पक्की, कारण तेवढी मतं सहा जणांना मिळूच शकत नाहीत. पुढे एकाच पक्षाचे दोन-तीन जण उभे राहू लागले. खरी झुंज स्वपक्षीयांशीच. पक्षाच्या नावावर भागेना, म्हणून ज्याची त्याची समर्थक संघटना, 'कोएनकाई'. तनाकांची 'एत्सुझानकाई'. बर्फाने हिवाळाभर वाट अडणाऱ्या गावांची रस्त्या-पुलाची गाऱ्हाणी तिच्यामार्फत वर जायची. पैसा कुठून यायचा? 1953 चा कायदा वाच: पेट्रोलवरचा कर रस्त्यांसाठी राखून ठेवणारा. त्यात पुढाकार तनाकांचा, आणि तेव्हा ते मंत्रीही नव्हते. एवढं जुळलं की 1983 चं कोडं आपोआप सुटतं.

तक्ता दोन ठिकाणी हमखास चुकतो. 1976 मध्ये लॉकहीड प्रकरणातल्या अटकेनंतर त्यांनी सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष सोडला, त्यामुळे पुढे पक्षाच्या रकान्यात 'अपक्ष' येईल. त्यावरून ते एकटे पडले असं समजू नकोस. त्या पक्षातला सर्वांत मोठा गट त्यांचाच होता. दुसरी चूक नावाची. 1994 च्या सुधारणेने बहुसदस्यीय मतदारसंघ गेले आणि 1996 पासून एका जागेचे आले. नवा 'निगाता तिसरा' म्हणजे जुना तिसरा नव्हे, भूभागच वेगळा. मुलगी माकिको 1993 मध्ये जुन्या तिसऱ्यातून निवडून आल्या, 1996 मध्ये नव्या पाचव्यातून, ते यामुळेच.

मंत्रिपदं शेवटी भर: 1957 मध्ये, 39 व्या वर्षी टपाल व दूरसंचार, मग अर्थ, मग व्यापार-उद्योग. आणि मतांचे आकडे पूर्ण लिही, हजारांत गोल करू नकोस. तक्ता झाला की पाठव.