इंग्रजी व्याख्या वाचून प्रगत शब्दसंग्रह वाढतो का?

इंग्रजी-मराठी कोश बाजूला ठेवून शब्दांच्या इंग्रजी व्याख्याच वाचाव्यात का, असे आपण विचारले आहे. अवश्य वाचाव्यात, मात्र कोश भाषा शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला असावा. १९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या अशा कोशात व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिण्याचे बंधन पाळले गेले, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ पाहताना आणखी तीन शब्द शोधत बसण्याची पाळी सहसा येत नाही.

‘स्ट्रिक्ट’, ‘प्रिसाइज’ आणि ‘मेटिक्युलस’ या तिन्हींपुढे मराठीत ‘काटेकोर’ हा एकच शब्द चालून जातो. परंतु व्याख्या पाहिल्यावर कळते की पहिला शब्द नियम कसोशीने पाळायला लावणाऱ्याला, दुसरा मोजमापाच्या किंवा सांगण्याच्या अचूकपणाला आणि तिसरा बारीकसारीक तपशिलावरही नजर ठेवणाऱ्याला लागू पडतो. (‘मेटिक्युलस’च्या मुळाशी भीती या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. चूक राहील या धास्तीने हिशेब चारदा तपासणारा कारकून डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे शब्द विसरणे कठीण जाते.)

व्याख्या पाठ करू नये. ती वाचून कोश मिटावा, अर्थ स्वतःच्या सोप्या इंग्रजीत वहीत उतरवावा आणि त्याखाली आपल्या रोजच्या कामातले एक वाक्य लिहावे. दिवसाला पाच शब्द पुष्कळ झाले. ‘प्रोक्रॅस्टिनेट’सारख्या शब्दाला मात्र ‘चालढकल करणे’ इतका नेमका प्रतिशब्द हाताशी असताना व्याख्येचा हट्ट धरण्याचे कारण नाही.