टन कुणाच्या नावावर, ते आधी सांग

अरे,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा बरं वाटलं, दुसऱ्यांदा चिडचिड झाली. एक सर म्हणतात कोर्सिया, म्हणजे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बनची एअरलाइन्सकडून भरपाई करून घेणारी योजना, निव्वळ धूळफेक, दुसऱ्या मॅडम म्हणतात आंतरराष्ट्रीय कायद्याचं मोठं यश, आणि तू मधल्यामधे अडकून विचारतोयस की थीसिसचा विषयच बदलू का. नको बदलूस. पण तू पाठवलेल्या मसुद्यात हवामान न्याय आहे, सार्वभौमत्व आहे, सामाईक पण वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, फक्त टन नाही. विमानाने इंधन जाळलं, कार्बन डायऑक्साइडचा एक टन बाहेर पडला, तो शेवटी कुणाच्या नावावर लागला हे कुठेच सापडत नाही. ते कळल्याशिवाय धूळफेक का यश हे ठरवणार कशावरून?

हवामानबदलावरच्या पॅरिस कराराच्या मजकुरात विमानवाहतुकीचा उल्लेख नाही म्हणून तू सरळ लिहून टाकलंस की 'विमानवाहतूक पॅरिसच्या बाहेर आहे'. थांब जरा. देशातल्या देशातली उड्डाणं देशाच्या हिशोबात आतच असतात. तेच विमान, तेच इंधन, सकाळी देशात उडालं तर टन त्या देशाच्या एकूण बेरजेत, दुपारी सीमा ओलांडून गेलं की वेगळ्या रकान्यात, बेरजेच्या बाहेर. हे काही पॅरिसला सुरू झालेलं नाही, 1997 च्या क्योटो प्रोटोकॉलच्या कलम 2 मधेच विकसित देशांना सांगितलं होतं की आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं काय करायचं ते आयकाओमार्फत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमानवाहतूक संघटनेमार्फत बघा. म्हणजे टन बेवारस ठेवून प्रश्न दुसऱ्या दारात नेऊन सोडला. हे वाक्य तुझ्या पहिल्या पानावर हवं होतं, तुझ्या पहिल्या पानावर पृथ्वी तापतेय एवढंच आहे, ते आपल्याला दोघांनाही माहितीये.

युरोपवरचं प्रकरण मात्र छान जमलंय, फक्त भांडणाच्या गमतीत जास्त रमलास. 2012 पासून युरोपात उतरणाऱ्या आणि तिथून उडणाऱ्या सगळ्या विमानांना त्यांच्या उत्सर्जन व्यापारात घेतलं, म्हणजे जेवढा कार्बन सोडाल तेवढे परवाने जमा करा, अमेरिकन एअरलाइन्स कोर्टात गेल्या, 21 डिसेंबर 2011 ला युरोपच्या कोर्टाने सांगितलं की नियम वैध आहे, युरोपियन युनियन स्वतः शिकागो कराराचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या मूळ कराराचा, पक्षकार नाही म्हणून त्या कराराने बांधलेलं नाही, आणि परवाने म्हणजे इंधनावरचा कर नव्हे. मग चीन, भारत, रशिया सगळे विरोधात उभे राहिले, नोव्हेंबर 2012 मधे अमेरिकेने आपल्या एअरलाइन्सना यातून रोखता येईल असा कायदाच केला आणि युरोपने बाहेरच्या उड्डाणांसाठी घड्याळ थांबवलं, म्हणजे त्यांच्यापुरता नियम स्थगित ठेवला. 'राजकारणाने कायद्याला हरवलं' हा तुझा निष्कर्ष सगळेच काढतात. मी विचारेन, महासागरावर जळालेला टन कुणाचा? युरोप म्हणालं, विमान आमच्या धावपट्टीवर येतं ना, मग पूर्ण प्रवासाचा हिशोब आमच्याकडे. बाकीचे म्हणाले, आमच्या संमतीशिवाय नाही. खरं भांडण एवढंच होतं.

2016 ला कोर्सियाने त्याला तिसरं उत्तर दिलं. टन कुठल्याच देशाच्या नावावर नाही, एअरलाइनच्या नावावर, आणि तोही मार्गाच्या दोन्ही टोकांचे देश योजनेत असले तरच. एक टोक बाहेर असेल तर टन पुन्हा बेवारस. 2024 पासूनची आधाररेषा 2019 च्या 85 टक्के, म्हणजे तेवढ्यापर्यंतचे टन आजही कुणाच्याच नावावर नाहीत, भरपाई फक्त वरच्यांची. त्यातही 2032 पर्यंत एअरलाइनचं उत्सर्जन गुणिले अख्ख्या क्षेत्राच्या वाढीची टक्केवारी, सगळ्यांना एकच. वाढला कोण, भरतंय कोण! स्वतःची वाढ मोजली जाणार ती 2033 पासून, तीसुद्धा फक्त 15 टक्के वजनाने. आणि आयकाओकडे दंड करायचा अधिकार नाही, ते प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात करायचं. आता सांग, धूळफेक का यश? दोन्ही शब्द तोकडे पडतात ना?

भरपाईसाठी एअरलाइन विकत घेते त्या क्रेडिटचं, म्हणजे दुसरीकडे कमी केलेल्या टनाच्या दाखल्याचं, तर विचारूच नकोस. ज्या देशातलं जंगल वाचवून क्रेडिट विकलं त्या देशाने तीच घट स्वतःच्या पॅरिसच्या उद्दिष्टातही मोजली तर एकाच टनावर दोन नावं. म्हणून यजमान देशाचं अधिकृत पत्र आणि हिशोबात तेवढी दुरुस्ती लागते. तू हे एका तळटीपेत उरकलंयस. तळटीपेत! माझ्या मते अख्खा थीसिस इथे उभा राहतो.

मला माहितीये, तुला वाटत असेल ही बाई कारकुनासारखी बोलतेय. माझ्या बरोबरीचे लोकही हेच म्हणायचे. ते परिषदांमधे बोलत फिरले, मी एअरलाइन्सच्या उत्सर्जन रिपोर्टच्या पडताळणीत राहिले. टेकलॉगचं, म्हणजे विमानाच्या नोंदवहीचं पान बघ कधीतरी, इंधन भरलेलं लिटरमधे, कॉकपिटला हवं किलोत, मधे घनता, खरी घनता नोंदवली नसेल तर 0.8 धरायची, मग आलेल्या किलोंना 3.16 ने गुणायचं, की कार्बन डायऑक्साइड मिळतो. एका एअरलाइनच्या रिपोर्टमधे उतरल्यानंतर उरलेल्या इंधनाच्या नोंदी बऱ्याच उड्डाणांना नव्हत्या, त्यांनी सरळ सरासरी टाकून रकाने भरले होते आणि कुठे सांगितलंही नव्हतं. मी सही केली नाही. 'मॅडम, एवढ्याशा फरकाने कुठे हिमनग वितळतोय' असं ऐकवलं आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं. 2016 च्या सुमाराला मला वाटाघाटींच्या बाजूला जाता आलं असतं, गेले नाही, त्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू, तिथे बसून आधाररेषेवर दोन शब्द बोलता आले असते. पण त्या खोलीत जे ठरलं ते शेवटी त्या पानावरच्या लिटरांवर उभं आहे, आणि ते लिटर बघायला कुणीतरी हवंच होतं. मी अजूनही तशी सही करणार नाही.

तर आता असं कर. नेट झिरो 2050 वाला भाग काढ, 2022 चा आयकाओचा तो ठराव सामूहिक आकांक्षा आहे, कुठल्याही एका देशाच्या नावावर त्यातून एक टनही लागत नाही. एकच आंतरराष्ट्रीय उड्डाण घे, खरा मार्ग, खरं विमान, आणि त्याचा एक टन क्योटो, युरोप आणि कोर्सिया तिन्हींतून चालवून दाखव. 2027 पासून मोठ्या देशांना कोर्सियाचा दुसरा टप्पा सक्तीचा आहे, तेव्हा त्याच टनाचं काय होईल तेही लिही. यावेळी आधी ते प्रकरण पाठव, प्रस्तावना मी सगळ्यात शेवटी वाचेन.