घर जुनं, भिंती जाड. डेस्कटॉपला ३०० रुपयांचा यूएसबी वायफाय अडॅप्टर पुरेल की २,००० चा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की राउटर वरच्या खोलीत, कॉम्प्युटर खाली, मध्ये जुनी भिंत, आणि दुकानदार म्हणतोय महागातला घ्या. दुकानदार तेच म्हणणार, त्याचं पोट आहे. आमच्याकडे मात्र घरातल्याच माणसाने हे म्हटलं होतं, म्हणून स्वयंपाकघर आवरून एवढ्या रात्री लिहायला बसले.

आमचा अंबाजोगाईला जुन्या गावात चौकाचा वाडा आहे. खालच्या भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात रुंद, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी माळवदं उतरवून पत्रे घातले. मामंजींनी फक्त माडीवर घातले, खाली कुणाला हात लावू दिला नाही. ती माडी आता दिराची आणि ढाळज, म्हणजे दाराजवळची बैठकीची जागा, माझी. ढाळजेत कॉम्प्युटर ठेवून मी लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, दुकानांचे बॅनर जुळवून देते आणि फाइल लातूरच्या प्रेसला पाठवते. लग्नसराईत रोजच्या चार-पाच फाइली जातात.

फायबरवाला आला त्या दिवशी मी बाजारात होते. घरात भाऊजी होते, त्यामुळे राउटर माडीवर बसला आणि बसला तो बसलाच. मी म्हटलं, ठीक आहे, तिथून एक लॅनची वायर खाली ढाळजेपर्यंत सोडा, वीस मीटरसुद्धा लागणार नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वायरचा जमाना गेला. आणि वाड्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही." आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लगेच री ओढली, "भिंत पोखरू नका बाई, उगं माती गळत राहती." झालं. दोघांपुढे मी काय बोलणार.

मग साडेतीनशेचा अडॅप्टर आणला, तो बोटाच्या पेरापेक्षा लहान असतो ना, तोच. सीपीयूच्या पाठीमागे खोचला. चालायचा म्हणजे मेल उघडायची, व्हॉट्सअॅप दिसायचं. पण एका एप्रिलमध्ये केजच्या पार्टीची पत्रिका होती, ऐन वेळी त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्या मुलाच्या मामांचं नाव राहिलंय. मामाचं नाव राहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. प्रेसवाला म्हणाला, अकराच्या आत फाइल आली तर सकाळी छापतो. चाळीस एमबीची फाइल, बारा टक्क्यांवर जाऊन बसली. पुन्हा लावली, नऊवर बसली. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन रात्री पावणेअकराला माडीचा जिना चढले आणि दार वाजवलं. जाऊबाई डोळे चोळत आल्या. भाऊजींच्या लॅपटॉपवरून ती फाइल मिनिटभरात गेली. खाली येताना मला रडू येत होतं आणि राग पण येत होता, आधी काय ते आता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी स्वतःच ऑनलाइन १,९०० रुपयांचा अडॅप्टर मागवला, दोन शिंगांचा, म्हणजे दोन अँटेनांचा. मनाने माणूस वाईट नाही. तो त्यांनी स्वतःच्या हाताने सीपीयूच्या मागे, जुन्याच जागी लावला. वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि त्याहून वेगवान ५ गिगाहर्ट्झ. तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत दिसेचना. २.४ वालं दिसत होतं, वेग पहिल्यापेक्षा थोडा बरा, इतकंच. भाऊजींनी निकाल दिला, "मदरबोर्ड जुना झालाय. वहिनी, कॉम्प्युटरच बदला आता." तो कॉम्प्युटर मी २०१६ मध्ये स्वतःच्या पत्रिकांच्या पैशांतून घेतला होता. जेवताना, पाहुण्यांसमोर, दोनदा हे वाक्य म्हणून झालं.

आता गंमत ऐका. माझा मुलगा खिडकीत बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता, अजिबात न अडकता. खिडकी चौकात उघडते आणि माडीची खिडकी बरोबर समोर वर. माझा सीपीयू त्या मुलापासून तीन हातांवर. पण त्याची पाठ कुठे होती? टेबलाखाली, कोपऱ्यात, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीकडे. दहा पोती मावतील अशी कोठी, तिच्यामागे दगडी भिंत. म्हणजे अडॅप्टर पुढून सीपीयूचा पत्रा आणि मागून कोठीचा पत्रा, अशा दोन पत्र्यांमध्ये तोंड लपवून बसलेला. त्याला शिंगं दोन असोत की दहा.

आणि तेव्हा मला आमचं डोंगल आठवलं. फायबर नव्हतं तेव्हा थ्रीजीचं डोंगल होतं, त्याला रेंज यावी म्हणून आम्ही ते यूएसबीच्या लांब वायरीने खिडकीत टांगायचो, तुम्हीही टांगलं असेल. ती वायर बिस्किटाच्या डब्यात होती, दीड मीटरची. एक टोक सीपीयूला, दुसऱ्या टोकाला अडॅप्टर, आणि अडॅप्टर खिडकीच्या लाकडी चौकटीला सुतळीने बांधला, शिंगं उभी करून. ५ गिगाहर्ट्झचं नाव लगेच यादीत आलं.

नुसत्या सिग्नलच्या कांड्या बघून मी कुणाला सांगायला जात नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून 'netsh wlan show interfaces' असं टाइप केलं की सिग्नल किती टक्के, चॅनेल कोणता, वेग किती ते येतं. मागे खोचलेला असताना २.४ वर ३४ टक्के होता. खिडकीत ५ वर ८१. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, त्यातले नव्वदच्या वर यायला लागले. मग एक वात्रटपणा केला. साडेतीनशेचा पिटुकला त्याच वायरीला लावून खिडकीत ठेवला. तो फक्त २.४ वाला, तरी तीस-पस्तीस मिळाले. म्हणजे त्या रात्री केजची फाइल त्या पिटुकल्यानेसुद्धा गेली असती. १,९०० वाचले असते, जिना वाचला असता.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. आधी मोबाइल घेऊन कॉम्प्युटरच्या आसपास फिरा, कुठे रेंज येते ते बघा. तिथपर्यंत यूएसबीची वायर जाते का बघा. शंभर-दीडशेत मिळते. दीड-दोन मीटरचीच घ्या. यूएसबी २ ची मर्यादा पाच मीटर आहे, पण स्वस्तातल्या लांब वायरीत करंट कमी पडतो आणि अडॅप्टर सारखा तुटतो-जोडतो, टुंग-टुंग आवाज येत राहतो. एवढं करून मग पैशांचं बोला.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. आमच्या शिंगवाल्यावर एसी १३०० लिहिलंय. एसी ही वायफायची एक पिढी आणि पुढचा आकडा वेगाचा, एमबीपीएसमध्ये. ती बेरीज आहे, ५ वर ८६७ आणि २.४ वर ४००, मिळून १२६७, ते वर ओढून १३००. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो, त्यामुळे ही बेरीज तुमच्या हातात कधीच पडत नाही. एसी ६०० चं तेच, ४३३ आणि १५०. त्यातही हा हवेतला वेग, प्रत्यक्षात साधारण निम्मा मिळतो. वर जुन्या कॉम्प्युटरचं यूएसबी २, कागदावर ४८०, खरं तीनशेच्या आसपास. तुमचा प्लॅन पन्नास किंवा शंभरचा असेल तर १३०० चं लोणचं घालणार का? वायफाय ६ चा, म्हणजे एसीच्या पुढच्या पिढीचा अडॅप्टर जुन्या डेस्कटॉपला घेणं मला तरी निव्वळ उधळपट्टी वाटते.

माझं विचाराल तर एसी ६०० चा, दोन्ही पट्टे चालणारा, एक उभा अँटेना असलेला घ्या, सातशे-आठशेच्या आत. नखाएवढा घेऊ नका. अँटेना नखात किती मावणार? आणि मे महिन्यात तो इतका तापतो की काढताना चटका बसतो. कंपनी कोणती ते मी सांगणार नाही, आतली चिप दोन-तीन कंपन्यांचीच असते आणि वरचं नाव बदलत राहतं. परत घेणाऱ्या दुकानातून घ्या. लावल्यावर आधी सीडी ड्राइव्हसारखं काही दिसलं तर घाबरू नका, काहींच्या पोटातच ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर असतं, ते टाकलं की अडॅप्टर जागा होतो. लिनक्स वापरत असाल तर मात्र चिप बघूनच घ्या, नाहीतर ड्रायव्हर शोधण्यात रविवार जाईल.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. बॅकअप घेताना माझं नेट हमखास मरायचं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चालू असली की तिचा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो. हे मी म्हणत नाही, खुद्द इंटेलने २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. अडॅप्टर आणि हार्ड डिस्क शेजारी-शेजारी लावू नका. हो, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला बंद करण्याची खूण काढून टाका, नाहीतर कॉम्प्युटर त्याला मधूनच झोपवतो.

२.४ की ५? साधारण म्हणतात जाड भिंतीतून २.४ बरं जातं, ते खरंच आहे. पण आमच्या गल्लीत प्रत्येक घरात राउटर, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. म्हणजे सगळे एकाच नळावर घागरी घेऊन उभे. चौकासारखी मोकळी जागा मध्ये असेल तर ५ वापरा. भिंतीतूनच जायचं असेल तर २.४ वरच समाधान माना.

आता हेही सांगायला पाहिजे की हे सगळं आमच्या वाड्यापुरतं आहे. तुमच्याकडे चौक नसेल, वर स्लॅब असेल, मध्ये सळई आणि सिमेंट, तर खिडकीचा उपाय इतका लागू पडेलच असं नाही. आमच्याकडेही तो कायम सारखा चालत नाही. आत्याबाई चौकात ओल्या गोधड्या वाळत घालतात त्या दिवशी ८१ चे साठ होतात. पाणी प्यायलेली गोधडी म्हणजे भिंतच. पावसात खिडकी लावून घ्यावी लागते, तेव्हा अडॅप्टर आत आणि वेग निम्मा.

म्हणून माझं मत पहिल्या दिवशी होतं तेच आजही आहे. कॉम्प्युटर एका जागी बसणारा आहे, तो काही शेतावर जाणार नाही, त्याला वायरच टाका. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, अडॅप्टरच्या निम्म्या पैशांत येते, गोधडी वाळत घाला नाहीतर कोठी आणून ठेवा, तिला फरक पडत नाही. फक्त उघड्यावरून नेऊ नका, आमच्याकडे वळवाच्या विजा कशा पडतात माहीत आहे, राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हीची पोर्टं जळतात. भिंतीच्या कडेने, पाइपातून न्या. आणि घरात कुणी म्हणालं की भिंतीला भोक नको, तर त्यांना विचारा की पाण्याची मोटर बसवली तेव्हा पाइप कुठून नेला होता. मी त्या वेळी विचारलं नाही, त्याचं वाईट वाटतं.

भाऊजींनी आजपर्यंत एकदाही म्हटलं नाही की कॉम्प्युटर चांगला होता. पाहुणे आले की खिडकीकडे बोट दाखवून सांगतात, "मी आणला तो अडॅप्टर, बघा कसा पळतोय." पळू दे.

यंदा उन्हाळा फार झाला म्हणून परवा त्यांनी माडीवर एसी बसवून घेतला. पाइप बाहेर काढायला मेकॅनिकने चौकाच्या बाजूच्या भिंतीला चांगलं मनगट जाईल एवढं भोक पाडलं. माती गळली, आत्याबाईंनी ती स्वतः झाडून काढली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. भोकात पाइपाच्या शेजारी बरीच जागा उरलीय, मी खालून बघितलंय. उद्या सकाळी भाऊजी ड्यूटीवर गेले की टेप घेऊन वर जाणार आहे.