एन्झाइममुळे ‘जागे’ होणारे नॅनोकण एमआरआयमध्ये कर्करोगाची गाठ कशी दाखवतात?

गाठीतलं एन्झाइम कणावरचं आवरण कापतं आणि मगच कण ठळक दिसू लागतो. आयर्न ऑक्साइडचे कण घ्या. त्यांच्यावर पीईजी या पॉलिमरचे धागे छोट्या पेप्टाइडने (प्रथिनाच्या लहानशा तुकड्याने) बांधलेले असतात, म्हणून ते रक्तात सुटे फिरतात. पसरणाऱ्या गाठीत आजूबाजूच्या ऊतींतून वाट काढणारी एमएमपी-२, एमएमपी-९ ही एन्झाइमं भरपूर असतात; ती पेप्टाइड तोडतात, कण एकमेकांना चिकटतात आणि टी-२ या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत तो भाग काळा पडतो. म्हणजे गाठीचा नुसता आकार नाही, ती किती सक्रियपणे पसरू पाहतेय हेही कळतं, आणि हेच मला फार मोलाचं वाटतं. मात्र सूज किंवा भरत्या जखमेतही हीच एन्झाइमं असतात, त्यामुळे काळा डाग दिसला म्हणजे कर्करोगच, असं धरू नका. बायोप्सी लागतेच.