सोडतीच्या चिठ्ठीतून उभे राहणारे संशोधन

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकते आहे आणि तिला संशोधनात जायचे आहे. परंतु ‘माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, मग या विषयातले संशोधन म्हणजे मतप्रदर्शनच ना?’ अशी शंका आपण पत्रात विचारली आहे. शंका रास्त आहे, आणि गेल्या काही दशकांत या शास्त्राने तिचे चांगले उत्तर शोधले आहे.

मुंबई महापालिकेचेच पाहा. १९९७ च्या निवडणुकीत महिलांसाठी कोणते प्रभाग राखीव, हे सोडतीने ठरले होते आणि त्यांतील अनेक प्रभाग २००२ मध्ये खुले झाले. राखीव प्रभाग कोणी पारखून निवडलेले नसल्यामुळे राखीव आणि बिनराखीव प्रभाग मुळात सारखेच होते, असे धरता येते. एरवी जिथे महिला निवडून येतात तिथले मतदारच वेगळे असतील, ही शंका उरतेच. सोडतीने ती दूर केली. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००२ ला खुल्या असलेल्या प्रभागांपैकी जे आधी राखीव होते तिथे महिला निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट आढळली. प्रयोग संशोधकाने केला नाही, परिस्थितीने केला. म्हणून याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. याच पद्धतीच्या कामासाठी डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र सरकारचा प्रत्येक निर्णय असा कामाचा नसतो. धरण किंवा रस्ता कुठे व्हावा हे भूगोल आणि राजकारण ठरवते, त्यामुळे लाभ मिळालेल्या व न मिळालेल्या गावांची सरळ तुलना फसवते. हा फरक ओळखणे हेच या कामातले खरे कसब आहे, असे माझे मत आहे, आणि ते सॉफ्टवेअर शिकून येत नाही. शासन निर्णय, जुनी परिपत्रके आणि निकषांची कलमे चिकाटीने वाचून येते.

तिने गणित विषय सोडला असल्यास संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक प्रश्न आकडेवारीने तपासण्याचे शास्त्र) आत्ताच हाती घ्यावी. पुण्याची गोखले संस्था आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांच्या प्रवेश परीक्षांची तयारी सुरू करावी. पीएच.डी.ला बरीच वर्षे लागतात, याची मानसिक व आर्थिक तयारी घरातही हवी.

तूर्त तिने आपल्या तालुक्यातील एखादी योजना निवडावी, लाभार्थी नेमके कोणत्या निकषाने ठरले हे पंचायत समितीत विचारून पानभर लिहावे आणि ते पान मला पाठवावे. मी आवर्जून वाचेन.