मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या संगमावर असूनही अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं कैरो एवढं छोटं का राहिलं?

छोटं राहिलं नाही, छोटं झालं. १९२० च्या जनगणनेत इथे १५,२०३ माणसं होती, २०२० मध्ये १,७३३. म्हणजे नऊ जणांमागे एक उरला.

नाव इजिप्तच्या कैरोवरूनच घेतलंय, पण इथले लोक 'केरो' म्हणतात. 'कैरो' म्हणालात की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. मी सेंट लुईसला राहतो, तिथून गाडीने साधारण अडीच तास. आईबाबा आले होते तेव्हा संगम दाखवायला म्हणून त्यांना घेऊन गेलो. आम्ही कऱ्हाडचे, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडताना बघत वाढलेलो. इथे तसं नाही. मिसिसिपी मिसूरी नदीचा गाळ घेऊन आलेली, गढूळ. ओहायो त्या मानाने निवळ. दोन रंगांचे पट्टे लांबवर शेजारीशेजारी वाहत राहतात. "घाट नाही, देऊळ नाही, कसला संगम हा!" बाबा म्हणाले. गंमत म्हणजे इथे सरासरीने ओहायोचंच पाणी जास्त असतं, पण पुढे नाव चालतं मिसिसिपीचं.

गाव इलिनॉयच्या अगदी दक्षिण टोकाला, राज्यातल्या सर्वांत सखल भागात. एका पुलाने मिसूरी, दुसऱ्याने केंटकी. काही मिनिटांत तीन राज्यं होतात. अक्षांश बघितलात तर व्हर्जिनियातल्या रिचमंडच्याही दक्षिणेला. भोवती बांध आणि पूरभिंत. उत्तरेकडून येणारा रस्ता बांधातल्या कमानीखालून जातो, तिथे भलामोठा लोखंडी दरवाजा आहे. पूर आला की तो खाली सोडायचा. कढईच्या तळाशी वसलेलं गाव म्हणा ना. दोन्ही नद्या एवढ्या जवळ, आणि गावात उभं राहिलं तर एकही दिसत नाही. २०११ च्या मे महिन्यात पाणी इतकं चढलं की लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडचा मिसूरीतला बांध सुरुंगाने उडवला. सुमारे १,३०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली आणि कैरो वाचलं.

पण गाव नदीने रिकामं केलं, असं मला वाटत नाही. आगबोटींच्या काळात इथे भरभराट होती. आगगाड्यासुद्धा फेरीबोटीवर चढवून ओहायो पार करत, त्यावर कितीतरी जणांची पोटं भरत. १८८९ मध्ये रेल्वेचा पूल झाला आणि गाड्या न थांबता जाऊ लागल्या. पुढे १९७८ मध्ये महामार्गाचा नवा पूल झाला आणि मोटारीही गावाला वळसा घालून जायला लागल्या.

एवढ्यानेही गाव तगलं असतं कदाचित. खरा घाव वर्णद्वेषाचा. १९६० च्या दशकात काळ्या मुलांना पोहण्याच्या तलावात प्रवेश द्यायची वेळ आली, तेव्हा तो सगळ्यांसाठीच बंद झाला आणि पुढे बुजवला गेला. १९६७ मध्ये एक काळा सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला आणि दंगल उसळली. १९६९ पासून काळ्या रहिवाशांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला, तो काही वर्षं चालला. मागणी साधी होती: आम्ही इथे खरेदी करतो, तर आम्हाला इथे नोकऱ्याही द्या. बऱ्याच दुकानदारांनी नोकरी देण्यापेक्षा दुकानाला टाळं लावलं. १९६० चे ९,३४८ लोक १९७० पर्यंत ६,२७७ झाले. आज राहिलेल्यांत बहुसंख्य काळेच आहेत. २०१७ मध्ये दोन सरकारी वसाहती राहण्यालायक नाहीत म्हणून रिकाम्या करायचं ठरलं, तेव्हा आणखी शेकडो जणांना घर सोडावं लागलं. त्या दशकात कैरोच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, लोकसंख्या ३६ टक्क्यांनी घटली, टक्केवारीत देशात सर्वांत जास्त.

बघायला जाणार असाल तर डबा बरोबर ठेवा, आम्हाला चहासाठीही पूल ओलांडावा लागला होता. आणि निघायच्या आधी नदीची पातळी बघा. संगमाच्या टोकावरचं उद्यान पुरात पाण्याखाली जातं.