माथ्यावरचा चेंडू, टेबलावरचे पुस्तक

प्रश्न : सरळ वर फेकलेला चेंडू माथ्यावर क्षणभर थांबतो. मग तिथे त्याचे त्वरण (वेग बदलण्याचा दर) शून्य का नाही?

उत्तर : वेग शून्य असणे वेगळे आणि वेग बदलत नसणे वेगळे. आकडेच मांडून पाहा. चेंडू १९.६ मी/से वेगाने वर फेकला, तर हवेचा विरोध सोडून तो २ सेकंदांनी माथ्यावर पोहोचतो. १.९ सेकंदांनी त्याचा वेग वरच्या दिशेने ०.९८ मी/से असतो, २.१ सेकंदांनी तितकाच खालच्या दिशेने. म्हणजे ०.२ सेकंदांत वेग १.९६ मी/से ने बदलला, त्वरण ९.८ मी/से². माथ्यावर त्वरणही शून्य असते, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता!

या गैरसमजाच्या शेजारीच दुसरा असतो : आकृती काढताना वर जाणाऱ्या चेंडूवर ‘हाताचे बल’ दाखवणारा बाण. चेंडू हातातून सुटताच ते बल संपते, उरतो फक्त वेग. म्हणून आकृतीतल्या प्रत्येक बाणाला विचारा, हे बल कोणती वस्तू लावते आहे? उत्तर नसेल तर बाण खोडा. ही सवय लागली की निम्मी गणिते सोपी होतात.

प्रश्न : टेबलावरच्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाचे अभिलंब बल (पृष्ठभाग वस्तूला त्याच्या लंब दिशेने ढकलतो ते बल) ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ना?

उत्तर : नाही. दोन्ही बले पुस्तकावरच आहेत. जोडीतली बले वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. वजनाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढते ते बल. २ मी/से² त्वरणाने वर निघालेल्या लिफ्टमधल्या ५ किलोग्रॅमच्या पेटीचे वजन ४९ न्यूटन, पण अभिलंब बल ५९ न्यूटन. जोडीतल्या बलांत अशी तफावत कधीच पडत नाही.